फिल्टर बदलूनही मोजणी का चुकते? डिजिटल प्रतिमाप्रक्रियेची सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पांढऱ्या औषधी गोळ्या गडद कागदावर पसरून, मोबाइलने वरून फोटो काढून, त्यांची संख्या आणि प्रत्येक गोळीचा व्यास सांगणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला आहे. तुमच्या टेबलावर काढलेल्या फोटोंवर तो चोख चालतो. पण दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढला की संख्या चुकते आणि व्यास तर दर वेळी निराळा येतो. गाऊसियन आणि मेडियन हे प्रतिमेतला नॉइज, म्हणजे नको असलेला दाणेदारपणा, कमी करणारे फिल्टर, गोळ्या आणि कागद वेगळे करणारी ओत्सूंची पद्धत, कडा शोधणारी कॅनीची पद्धत, हे सगळे करून झाले आहे. आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की नेमका कोणता फिल्टर लावावा, डिजिटल प्रतिमाप्रक्रिया पायापासून शिकायची तर सुरुवात कुठून करावी, की हे सारे बाजूला ठेवून थेट डीप लर्निंगकडे, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकी जाळ्यांकडे, वळावे. शिवाय सीटी स्कॅन, उपग्रह अशा इतर प्रतिमातंत्रांबद्दलही तुम्ही विचारले आहे.

मी गेली बरीच वर्षे सुट्या भागांची कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या यंत्रणा उभारण्याचे काम करतो आणि अधूनमधून सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमाही हाताळतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे दुखणे फिल्टरमध्ये नाही. तुम्ही प्रतिमेला चित्र समजून सुरुवात केली आहे, आणि काम मात्र तिच्याकडून मोजमापाचे करून घेत आहात. प्रतिमा म्हणजे लाखो छोट्या मोजमापांचा तक्ता असतो, आणि त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा कसा तयार झाला हे माहीत नसेल तर त्यावर कोणतीही प्रक्रिया करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. कॅमेरा, प्रकाश आणि पार्श्वभूमी तुमच्या ताब्यात आहेत की वापरणारा कुठूनही फोटो पाठवणार आहे, व्यासात किती चूक चालेल, आणि मोजणी चुकली तर परिणाम किती गंभीर आहे, यांवर उत्तर बरेच बदलते. तुम्ही हे लिहिलेले नाही. म्हणून फोटो काढण्याची पद्धत काही प्रमाणात तरी तुम्हाला ठरवता येते असे धरून पुढे लिहितो.

आकड्यांपासून सुरुवात करू. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र पहिल्यांदा संगणकात उतरवले. ते कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे होते, सुमारे ५ सेंटीमीटर रुंद, आणि त्याचे १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदू झाले. त्यांचे यंत्र प्रत्येक बिंदूबद्दल फक्त काळा की पांढरा एवढेच सांगू शकत असे. करड्या छटा मिळवण्यासाठी तेच छायाचित्र निरनिराळ्या थ्रेशोल्डवर, म्हणजे काळे-पांढरे ठरवणाऱ्या सीमेवर, पुन्हा पुन्हा वाचून ते निकाल एकत्र करावे लागत. मला हा प्रसंग नवशिक्यांना सांगायला आवडतो, कारण दोन निर्णय त्यात उघडे दिसतात: दृश्याचे किती तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या उजेडाला किती पायऱ्यांमध्ये बसवायचे. आजच्या कॅमेऱ्यातही हेच दोन निर्णय होतात, फक्त ते आपल्या नकळत होतात. ८ बिटांच्या प्रतिमेत २५६ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या प्रतिमेत ४,०९६. तुमच्या गोळीची कड ज्या पायऱ्यांवर चढते त्या पायऱ्याच कमी असतील, तर कड नेमकी कुठे आहे हेही मोघमच कळणार.

आता हा आकडा जन्मतो कसा ते पाहा, कारण तुमची बहुतेक उत्तरे इथेच आहेत. भिंगातून आलेला प्रकाश सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, चौकटींवर पडतो, प्रत्येक चौकटीत इलेक्ट्रॉन साठतात आणि त्यांची मोजदाद होऊन आकडा तयार होतो. बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी या प्रकारच्या सेन्सरची कल्पना मांडली, त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तुमच्या मोबाइलमध्ये असतो तो सीमॉस नावाचा निराळ्या जातीचा सेन्सर, पण मूळ तत्त्व तेच. प्रकाश कणाकणाने येतो, त्यामुळे त्याच्या मोजणीत चढउतार असणे हा निसर्गाचाच नियम आहे. एका चौकटीत सरासरी १०,००० कण पडत असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १०० असतो. ही १ टक्का चूक झाली. उजेड कमी असून १०० कणच पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. अंधाऱ्या खोलीतला फोटो दाणेदार का दिसतो याचे हे मुख्य कारण आहे, आणि महाग कॅमेरा घेऊनही ते पूर्णपणे टळत नाही. अधिक प्रकाश देणे, अधिक वेळ प्रकाश गोळा करणे किंवा अनेक फोटोंची सरासरी घेणे, हेच त्यावरचे उपाय. स्थिर गोळ्यांचे १६ फोटो काढून सरासरी घेतली तर असा यादृच्छिक नॉइज चौथ्या हिश्शावर येतो.

रंगाची गोष्ट आणखी वेगळी. सेन्सरला स्वतःहून रंग कळत नाही. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून रूढ झालेल्या मांडणीत चौकटींवर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे अशा रीतीने काढलेले अंदाज आहेत, हे लक्षात ठेवले की कडेला दिसणाऱ्या जांभळट किंवा हिरवट झालरीचे पुष्कळदा कोडे पडत नाही.

यानंतर मोबाइल स्वतःचे काम सुरू करतो. पांढऱ्या रंगाचा समतोल, नॉइज पुसणे, कडा उठावदार करणे, छटांची वक्ररेषा (डोळ्यांना रुचेल असे उजेडाचे आकडे कमीजास्त करणे) आणि शेवटी जेपेग स्वरूपात दाबून साठवणे. डोळ्यांना फोटो छान दिसावा म्हणून हे सारे असते, मोजमापासाठी नव्हे. छटांच्या वक्ररेषेचे एकच उदाहरण देतो. रंग आकड्यांत साठवण्याच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा आहे, पण तो दाखवतो तो प्रकाश निम्मा नसून जेमतेम २२ टक्के असतो. अशा आकड्यांची थेट सरासरी घेऊन किंवा भागाकार करून प्रकाशाबद्दल निष्कर्ष काढले तर ते चुकतात. मी पाहिलेल्या कितीतरी प्रकल्पांत इथेच पाणी मुरत होते. जेपेगची तऱ्हा निराळी: ते प्रतिमेचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील ढोबळ करते, त्यामुळे ठळक कडेभोवती फिकट लहरी उमटतात, आणि कॅनीसारखी पद्धत त्या लहरींनाही इमानाने कड म्हणते. मोबाइलमध्ये कच्ची, म्हणजे रॉ प्रतिमा साठवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर निदान एकदा मिळालेला फोटो पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये साठवू नका, पुढचे सर्व टप्पे पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा.

आता तुमच्या व्यासाकडे येतो. गडद कागदावर मोजक्याच पांढऱ्या गोळ्या असल्या की बहुतेक मोबाइलचे स्वयंचलित एक्स्पोजर (सेन्सरला किती प्रकाश द्यायचा ते ठरवणे) बहुतांश अंधार पाहून प्रकाश वाढवते. गोळ्या २५५ ला टेकतात आणि पांढऱ्या फटक पडतात. भिंगातून आलेली कड कधीच भिंतीसारखी उभी नसते, ती उतारासारखी असते. एक्स्पोजर वाढले की त्या उताराचा वरचा भाग कापला जातो आणि थ्रेशोल्डची रेषा उतारावर बाहेरच्या बाजूला सरकते. परिणाम असा की तीच गोळी मोठी मोजली जाते. कागदावर पाचऐवजी पन्नास गोळ्या टाकल्या की दृश्य उजळ होते, एक्स्पोजर कमी होते आणि प्रत्येक गोळी लहान होते. तुमच्या फोटोंत गोळ्यांची संख्या आणि सरासरी व्यास यांचा एकमेकांशी संबंध दिसतो का, हे तपासून पाहा. दिसला तर कारण सापडले म्हणून समजा. यावर कोणताही फिल्टर चालणार नाही. जिथे सगळे आकडे २५५ झाले तिथे मूळ छटा काय होती हे कुठेच नोंदलेले नाही, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एक्स्पोजर, गेन (सेन्सरचा संकेत किती पट वाढवायचा ते) आणि पांढरा समतोल हाताने ठरवून कुलूपबंद करा, आणि गोळ्यांचा सर्वांत उजळ भाग २०० ते २३० च्या आसपास राहील असे पाहा.

माझ्या कामातला एक अनुभव इथे सांगणे योग्य ठरेल. चकचकीत धातूच्या कड्यांवरचे ओरखडे शोधणारी यंत्रणा आम्ही एका ठिकाणी बसवली होती. सकाळी ती बिनचूक चाले आणि दुपारनंतर चांगल्या कड्याही नापास करू लागे. आम्ही जवळजवळ दोन आठवडे थ्रेशोल्ड बदलत राहिलो, दुपारसाठी वेगळे आकडे ठरवले, मग ढगाळ दिवसासाठी आणखी वेगळे. शेवटी एका सहकाऱ्याने सकाळच्या आणि दुपारच्या प्रतिमांचे हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत याचे आलेख, शेजारी शेजारी ठेवले. सकाळच्या आलेखात दोन स्वच्छ उंचवटे आणि मध्ये खोल दरी होती. दुपारच्या आलेखात ती दरी भरून गेली होती. समोरच्या झडपेतून तिरपे ऊन धातूवर येत होते. कॅमेरा आणि दिव्याभोवती काळा आडोसा उभा केला आणि पहिल्याच दिवशी लिहिलेला सर्वांत साधा थ्रेशोल्ड पुढे वर्षानुवर्षे चालला. तेव्हापासून कोणतीही नवी प्रतिमा आली की मी फिल्टर लावण्याआधी तिचा हिस्टोग्राम पाहतो.

म्हणूनच मी म्हणतो की प्रतिमाप्रक्रिया दिव्यापासून सुरू होते. फक्त आकार मोजायचा असेल तर खालून प्रकाश देणे सर्वांत उत्तम: दुधी काचेखाली दिवा ठेवला की गोळ्या काळ्या सावल्यांसारख्या दिसतात, त्यांचा रंग किंवा वरची अक्षरे आड येत नाहीत, आणि हिस्टोग्रामचे दोन भाग आपसूक दूर होतात. पृष्ठभागावरचे ओरखडे किंवा कोरलेली अक्षरे पाहायची असतील तर प्रकाश अगदी तिरपा हवा. चकाकी घालवायची असेल तर दिव्यावर आणि भिंगावर ध्रुवण करणाऱ्या गाळण्या आडव्या-उभ्या लावतात. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. विजेवरचे अनेक दिवे प्रवाहाच्या दुप्पट गतीने मिणमिणतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. एक्स्पोजर त्याहून बरेच लहान असेल तर एक फोटो उजळ, दुसरा मंद आणि कधी एकाच फोटोत आडवे पट्टे असे घडते. अशा दिव्याखाली एक्स्पोजर १/१०० सेकंदाच्या पूर्ण पटीत ठेवावे. ६० हर्ट्झ असेल तर १/१२० च्या पटीत.

प्रकाश कितीही नीट दिला तरी कोपरे मध्यापेक्षा थोडे अंधारे राहतातच, काही भिंगामुळे आणि काही दिव्यामुळे. त्यासाठी रिकाम्या, एकसारख्या पृष्ठभागाचा एक फोटो त्याच मांडणीत काढून ठेवा आणि भिंग झाकून एक काळा फोटोही घ्या. मग गोळ्यांच्या फोटोतून काळा फोटो वजा करायचा, रिकाम्या फोटोतूनही काळा वजा करायचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. खगोलशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मदर्शकावर काम करणारे लोक हे नेमाने करतात. दुसऱ्या खोलीत गेल्यावर तुमचा प्रोग्रॅम ज्यामुळे कोसळतो त्यातला मोठा वाटा या एका भागाकाराने कमी होईल. मात्र हा भागाकार छटांची वक्ररेषा लागण्यापूर्वीच्या, प्रकाशाशी सरळ प्रमाणात असलेल्या आकड्यांवरच अर्थपूर्ण ठरतो.

एवढे झाल्यावर फिल्टरकडे वळू. फिल्टर म्हणजे शेजाऱ्यांना विचारून पिक्सेलची नवी किंमत ठरवणे. एक छोटा तुकडा हाताने सोडवून पाहा. तीन ओळींत ५२, ५०, ५१. ४९, २५५, ५०. आणि ५३, ५१, ५२ असे आकडे आहेत. मधला २५५ स्पष्टपणे खोटा आहे. नऊ आकड्यांची सरासरी घेतली तर ७३.७ येते, म्हणजे खोटेपणा कमी झाला पण गेला नाही, आणि तो आजूबाजूच्या आठही पिक्सेलांत थोडा थोडा वाटला जाईल. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला तर ५१ येतो आणि खोटा आकडा मागमूस न ठेवता नाहीसा होतो. हाच मेडियन फिल्टर. पण तीन बाय तीनच्या चौकटीतून एक पिक्सेल रुंदीची रेषा जात असेल, तर नऊपैकी तीनच आकडे रेषेचे असतात, आणि तीही अशीच मागमूस न ठेवता नाहीशी होते. तुमच्या गोळीवर मधोमध बारीक खाच असेल आणि ती ओळखायची असेल, तर मेडियन तुमच्याच विरुद्ध काम करील. त्यामुळे ‘सर्वांत चांगला फिल्टर कोणता’ या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नाही. नॉइज कोणत्या जातीचा आहे आणि काय टिकवायचे आहे, हे ठरल्यावर फिल्टर जवळजवळ आपोआप ठरतो. प्रकाशकणांच्या चढउतारासाठी सौम्य गाऊसियन पुरतो, विखुरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसाठी मेडियन, आणि दिव्याच्या पट्ट्यांसारख्या नियमित लहरींसाठी प्रतिमेचे लहरींमध्ये पृथक्करण करणारे फूरिये रूपांतर करून नेमकी ती वारंवारता काढून टाकणे सोयीचे पडते.

ओत्सूंची पद्धत तुम्ही वापरली आणि ती ‘कधी चालते, कधी नाही’ असे लिहिले आहे. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत हिस्टोग्रामचे असे दोन भाग करते की दोन्ही गटांमधील फरक जास्तीत जास्त व्हावा. हिस्टोग्रामला दोन ठळक उंचवटे आहेत असे ती गृहीत धरते. चौकटीचा जेमतेम १ टक्का भाग गोळ्यांनी व्यापला असेल तर त्यांचा उंचवटा इतका लहान असतो की ती पार्श्वभूमीचेच दोन तुकडे करून मोकळी होते. एक्स्पोजर आणि प्रकाश स्थिर केल्यावर तुम्हाला कदाचित ओत्सूंचीही गरज उरणार नाही, एकच ठरावीक थ्रेशोल्ड पुरेल. स्थानिक, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी आसपासच्या भागावरून ठरणारा, थ्रेशोल्ड वापरायचाच असेल तर त्या भागाची खिडकी गोळीपेक्षा चांगली मोठी ठेवा, नाहीतर गोळीच्या पोटात खिडकीला सगळे पांढरेच दिसते आणि गोळी पोकळ वळ्यासारखी बाहेर येते.

एकमेकींना चिकटलेल्या गोळ्यांसाठी कडा शोधत बसू नका. प्रत्येक पांढऱ्या पिक्सेलचे जवळच्या काळ्या पिक्सेलपासूनचे अंतर काढा; गोळीच्या मध्याशी हे अंतर सर्वाधिक असते, त्यामुळे दोन चिकटलेल्या गोळ्यांना दोन शिखरे मिळतात, आणि त्या शिखरांपासून वॉटरशेड पद्धतीने, म्हणजे दोन शिखरांचे उतार जिथे भेटतात तिथे, सीमा आखता येते. तुमच्या गोळ्या एकाच मापाच्या असतील तर एकूण पांढऱ्या क्षेत्रफळाला एका गोळीच्या क्षेत्रफळाने भागून संख्या ताडून पाहा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर प्रोग्रॅमने संख्या सांगू नये, ‘पुन्हा फोटो काढा’ असे सांगावे. औषधाच्या बाबतीत मी तरी याच मताचा आहे.

व्यासाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती शुद्ध भूमितीची आहे. पिक्सेलचे मिलिमीटर करण्यासाठी तुम्ही कागदावर मोजपट्टी ठेवली आहे असे दिसते. पण मोजपट्टी कागदाच्या पातळीत आहे आणि गोळीची कड त्याहून वर. कॅमेरा कागदापासून ३०० मिमी उंच असेल आणि गोळीची वरची कड ६ मिमी उंचीवर असेल, तर ती कड ३०० भागिले २९४, म्हणजे २ टक्के मोठी दिसेल. १० मिमी व्यासाच्या गोळीत ही ०.२ मिमीची चूक झाली. पिक्सेल वाढवून ती जाणार नाही. मोजपट्टी गोळीच्या कडेच्या उंचीवर ठेवा, किंवा कॅमेरा दूर नेऊन झूम करा. उंची दुप्पट केली की चूक निम्म्यावर येते. कारखान्यात याच कारणासाठी टेलिसेंट्रिक भिंगे वापरतात, ज्यांत वस्तू जवळ आली तरी मोठी दिसत नाही. शिवाय मोबाइलचे रुंद भिंग कोपऱ्यांत आकार वाकवते, म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी छापून तिच्या फोटोंवरून ती वाकण काढून टाकावी.

प्रक्रियेने काय परत मिळवता येते आणि काय नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला हबल दुर्बिणीचे वाटते. १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळले की तिच्या मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट घासली गेली आहे. ही चूक अचूक मोजता येण्याजोगी होती, त्यामुळे एका बिंदूचा प्रकाश कसा पसरतो हे शास्त्रज्ञांना कळले आणि तो पसारा गणिताने उलटवून त्यांनी तेजस्वी वस्तूंच्या प्रतिमा बऱ्याच सुधारल्या. पण अंधुक तारकांचा प्रकाश पसरून नॉइजमध्ये बुडाला होता, आणि उलट गणित केले की नॉइजही वाढत असे. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक उपकरणे बसवली. फोकस चुकलेला तुमचा फोटो ‘शार्पन’ करून वाचवण्याचा मोह होईल तेव्हा हे आठवावे.

तुम्ही इतर प्रतिमातंत्रांबद्दलही विचारले आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. प्रत्येक तंत्राबाबत मी एकच गोष्ट विचारतो: इथल्या पिक्सेलचे एकक कोणते? सीटी स्कॅनमध्ये प्रतिमा थेट टिपलेलीच नसते. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण मापनांवरून ती गणिताने उभी केली जाते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, आणि त्यांना व अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले. त्यातल्या आकड्यांना पक्के प्रमाण आहे: पाणी ० आणि हवा उणे १०००. हे आकडे हजारोंच्या पल्ल्यात असतात आणि पडद्यावर सहसा २५६ छटा, म्हणून डॉक्टर फुप्फुसासाठी वेगळी आणि हाडासाठी वेगळी खिडकी, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या आकड्यांचा पल्ला, निवडतात. असा स्कॅन जेपेगमध्ये साठवून अभ्यासाला घेणे म्हणजे खिडकीबाहेरचे सर्व फेकून देणे. उलट नेहमीच्या एमआरआय प्रतिमेतल्या आकड्याला असे सार्वत्रिक प्रमाण नाही. तोच ऊतिभाग दोन यंत्रांवर दोन निराळे आकडे देतो, म्हणून आधी सामान्यीकरण, म्हणजे आकडे एकाच पट्टीवर आणणे, करावे लागते. उपग्रहाच्या प्रतिमांत वनस्पतींसाठी जवळच्या अवरक्त आणि लाल पट्ट्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागतात, कारण निरोगी पाने लाल प्रकाश शोषतात व अवरक्त परतवतात, आणि भागाकारामुळे उजेडाच्या कमीअधिकपणाचा परिणाम बराचसा निघून जातो. तुमच्या रिकाम्या फोटोने भागण्याच्या युक्तीशी याचे नाते तुमच्या लक्षात आले असेलच.

डीप लर्निंगला माझा विरोध नाही, मी स्वतः ते वापरतो. फुटक्या गोळ्या, एकमेकींवर चढलेल्या गोळ्या, नाना रंग आणि कोणतीही पार्श्वभूमी असेल तर हाताने लिहिलेले नियम लवकरच अपुरे पडतात, आणि तिथे प्रशिक्षित जाळे निर्विवादपणे सरस ठरते. पण पांढऱ्या फटक पडलेल्या कडेचा व्यास तेही सांगू शकत नाही. त्या वाटेने गेलात तर एक काळजी अवश्य घ्या: एकाच बैठकीत काढलेले फोटो काही प्रशिक्षणाला आणि काही चाचणीला असे वाटू नका. शेजारशेजारचे फोटो जवळपास सारखेच असतात आणि निकाल फसवा चांगला येतो. चाचणीचे फोटो वेगळ्या मोबाइलचे, वेगळ्या खोलीतले आणि वेगळ्या दिवशीचे ठेवा.

शिकण्याच्या क्रमाविषयी माझा आग्रह एवढाच की पहिला महिना आकडे पाहण्यात घालवा. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, प्रतिमेवर एक रेषा ओढा आणि त्या रेषेवरच्या छटांचा आलेख पाहा. गोळीच्या कडेचा उतार तिथे डोळ्यांना दिसेल. त्यानंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही हा प्रतिमाप्रक्रियेच्या तयार फंक्शनांचा संच. ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल अशा उलट क्रमाने वाचते, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे दिवस वाया जातात. कन्व्होल्यूशन, म्हणजे शेजाऱ्यांच्या आकड्यांना वजने देऊन बेरीज करणे, तयार फंक्शन न वापरता एकदा स्वतःच्या हाताने लिहा, मग मॉर्फोलॉजी, म्हणजे आकार फुगवण्या-आकसवण्याच्या क्रिया, मग फूरिये. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता लागेल तशी वाढवत नेता येते.

आणि लगेच करण्यासारखा प्रयोग असा. एक्स्पोजर कुलूपबंद करून एकच गोळी, काहीही न हलवता, २० वेळा टिपा आणि व्यासांचा पसारा काढा. मग तीच गोळी मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवून पुन्हा मोजा. मग खोली आणि मोबाइल बदलून तिसऱ्यांदा. पहिला पसारा नॉइजचा, दुसऱ्यात भिंग आणि असमान प्रकाशाची भर पडेल, तिसऱ्यात परिस्थितीची. हे तीन आकडे, गोळीचा व्हर्नियरने मोजलेला व्यास आणि एक रॉ फोटो इथे टाकलात, तर पुढे नेमके कुठे काम करायचे ते मी तुम्हाला सांगू शकेन.